‘चालते’ या शब्दावर सही

मे महिन्यातला गुरुवार, दुपारचे चार. रक्कम चौतीस लाख रुपये. हजर आम्ही चौघे: केंद्रप्रमुख मॅडम, रिसिव्हर बनवणारी सेलूची मुलगी, मी, आणि भिंतीवरच्या पडद्यावर बंगळुरूच्या मुख्य कार्यालयातले साहेब. कागदावर चार सह्यांची जागा होती. तीन झाल्या होत्या. चौथी माझी.

आमचं केंद्र वर्ध्यात आहे, बियाणं-खतांच्या एका दुकानाच्या वर. उन्हाळ्यात खालून कीटकनाशकाचा वास जिन्याने वर येतो. आम्ही एकोणीस माणसं बिनतारी यंत्रांसाठी चिपा बनवतो, असं लोकांना सांगतो. खरं म्हणजे चिप इथे बनत नाही, तिचा आराखडा बनतो. छपाई परदेशातल्या कारखान्यात होते. तिथे सिलिकॉनच्या एकाच चकतीवर अनेक कंपन्यांचे आराखडे शेजारी शेजारी छापतात, आणि त्या चकतीवरच्या आमच्या जागेचे ते चौतीस लाख. दहा टक्के आगाऊ भरले होते. उरलेले आराखड्यासोबत बुधवारपर्यंत पोचायला हवे होते. आराखडा कारखान्याकडे रवाना करण्याला आमच्याकडे ‘पाठवणी’ म्हणतात. कोणी म्हणायला सुरुवात केली आठवत नाही, पण त्या दिवशी गोरसपाक बिस्किटांचे पुडे आणतात आणि एक-दोघांचे डोळे खरोखरच भरून येतात.

तीन वर्षं आमच्याकडे फक्त तपासणीचं काम होतं. बंगळुरूने बनवायचं, वर्ध्याने चुका काढायच्या. मग एका चिपचा रिसिव्हर, म्हणजे तिचा कान, पूर्णपणे वर्ध्याला मिळाला. अट साधी होती. हा कान नीट चालला तर पुढचे कानही वर्ध्यात बनतील. नाही चालला तर पुन्हा तपासणी. सेलूची मुलगी त्या रिसिव्हरवर दीड वर्ष बसली होती. मी पुण्यातली नोकरी सोडून गावी आलेला माणूस, वय सत्तेचाळीस, काम तपासणीचंच. पण दुसऱ्याच्या कामातल्या चुका काढत म्हातारं व्हावं अशी माझी इच्छा नव्हती. त्यामुळे त्या चौतीस लाखांत माझाही जीव अडकला होता.

चिपची पहिली थोडी खेप आधी छापून आली होती. ती आम्ही सहा डब्यांत बसवून रोहण्याच्या आसपासच्या सहा शेतांत लावली होती. ठिबकच्या नळीवर डबा. तो मातीतली ओल मोजून कळवतो, आणि शेतकऱ्याने मोबाइलवरून हुकूम दिला की पाण्याचा कॉक एका वाफ्यावरून दुसऱ्या वाफ्यावर फिरवतो. सहा महिने डबे शेतात होते. त्यांचा अहवाल त्या बैठकीत वाचला गेला. मुलीने सहाही शेतकऱ्यांना फोन केले होते आणि ते बोलले तसं लिहून घेतलं होतं.

“डबा एक, चालते. डबा दोन, चालते. तीन, चालते,” असं करत ती सहापर्यंत गेली. शेजारच्या इंग्रजी रकान्यात त्याचं भाषांतर होतं, सहा वेळा एकच.

“ओल मोजल्याचे आकडे?” मी विचारलं.

“सगळे आलेत सर. एकही गहाळ नाही.”

“रोहण्याच्या भाजीवाल्यानंही चालते म्हटलं?”

“हो. त्यांनी तर दोनदा म्हटलं.”

मला ते खटकलं. हा भाजीवाला मी ओळखत होतो. डबा फुकट बसवून दिला तेव्हा त्याने डब्याच्या रंगाला नाव ठेवलं होतं, स्क्रूला ठेवलं होतं, आणि सोबत दिलेल्या कॅलेंडरात पोळ्याचा बैल मरतुकडा काढलाय असं सांगितलं होतं. असा माणूस सहा महिन्यांत एकही तक्रार करत नाही, आणि आणखी पाच शेतकरी तोच एक शब्द बोलतात, हे माझ्या अनुभवात बसेना.

पडद्यावरून साहेब म्हणाले, “साइन में प्रॉब्लम क्या है?”

“काही नाही सर. सोमवारी करतो. डबे एकदा बघून येतो.”

“रिपोर्ट में तो लिखा है, चल रहा है.”

“लिहिलं आहे सर. बघितलेलं नाही.”

मॅडमनी टेबलाखाली पाय हलवणं थांबवलं. त्या नागपूरच्या, एरवी भरभर बोलणाऱ्या, तेव्हा फक्त म्हणाल्या, “सोमवार म्हणजे सोमवार.”

जिन्यात मुलीने मला गाठलं. “सर, माझ्यावर भरोसा नाही का?”

“तुझ्यावर आहे. ‘चालते’वर नाही.”

“मग मीपण येते,” ती म्हणाली. आवाजात राग होता आणि तो मला आवडला.

शनिवारी सुट्टी. सकाळी गाडी काढत होतो तेव्हा बायको पाण्याच्या दोन बाटल्या आणि दोन कांदे घेऊन फाटकाशी आली. “सुट्टीच्या दिवशी एवढ्या उन्हात कोणी रोहण्याले जाते काय? सही केली असती तर काय हात झिजला असता?”

“हात नाही झिजला असता.”

“मग काऊन चालले?”

“नंतर डबा बंद पडला तर वर्ध्याचं नाव जाईल.”

“वर्ध्याचं जाईन, आणि लू लागून तुमचं काय जाईन?” असं म्हणत तिने उन्हाचा उतारा म्हणून एक कांदा माझ्या खिशात कोंबला आणि दुसरा सेलूच्या मुलीसाठी दिला.

पुलगाव मागे टाकून रोहण्याला पोचेपर्यंत बारा वाजून गेले. मी मुद्दाम ती वेळ धरली होती. त्या आठवड्यात शेतीच्या विजेची लाइन दिवसा होती, म्हणजे मोटार दुपारीच चालणार आणि कॉकही दुपारीच फिरवावा लागणार. भाजीवाला बांधावरच्या कडुनिंबाखाली बसला होता. थोडं पलीकडे त्याची बायको ओल्या पोत्यावर सांभाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या बांधत होती.

“या साहेब,” तो उठत म्हणाला. “डब्याले काई झालं काय? तो तर चालते.”

“दुपारीपण?”

“चालते ना.”

“कॉक फिरवते?”

“आता साहेब, मशीन आहे. थोडंबहुत त तिलेबी...” त्याने हात असा हलवला की त्यातून काहीही अर्थ काढता यावा. “चालते.”

जुडी बांधणाऱ्या हातांनी सुतळी तोडली. “काय चालते?” त्याची बायको म्हणाली. “खरं सांग ना त्याईले. डबा नाई चालत भाऊ, बाई चालते. लाइन दुपारची असली का डोक्शावर ओला दुपट्टा टाकून ह्या धुऱ्यापासून त्या धुऱ्यापर्यंत बाई चालते, अन् हातानं कॉक फिरवते. हे इथंच बसून मोबाइल पाह्यते.”

“तू चूप राह्य ना वं,” तो खालच्या आवाजात म्हणाला.

“काऊन चूप राहू? दीड महिना झाला, चूपच आहो.”

मुलगी पुढे झाली. “काका, मी फोनवर विचारलं होतं ना तुम्हाला, डबा चालते का म्हणून?”

“विचारलं होतं ना पोरी. मंग मी चालते म्हटलं.” तो खरोखर ओशाळला होता. “सकाळी चालते, संध्याकाळी चालते. दुपारी नाई ऐकत. तेवढं आम्ही चालवून घेतो. अन् नाई चालत म्हटलं असतं, त तुह्या नोकरीचं काय झालं असतं? पयलंच काम आहे म्हणे तुहं.”

“हे तुम्हाला कोणी सांगितलं?”

“तूच सांगितलं होतं, डबा बसवाले आलती तवा.”

मी डायरी उघडली आणि मिटली. लिहिण्यासारखं काही नव्हतं, गोष्ट सरळ होती. आमच्या भाषेत यंत्र उत्तम चाललं तरी ‘चालते’ म्हणतात, आणि निम्मं चाललं पण आपली ना नाही, तरीही ‘चालते’च म्हणतात. मुलीने पहिल्या अर्थाने विचारलं होतं. त्यांनी दुसऱ्या अर्थाने, तिची काळजी करून, उत्तर दिलं होतं. आम्ही तिघेही याच जिल्ह्याचे. बंगळुरूच्या माणसाने चौकशी केली असती तर निदान दुभाष्या तरी घेतला असता.

पण डबा बंद का पडतो हे अजून कळलं नव्हतं, आणि ते शोधलं मुलीने. दीडच्या सुमारास तिने मोबाइलवरून हुकूम दिला. कॉक हलला नाही. पुन्हा दिला, नाही. तिने डब्याला हात लावला आणि झटक्यात मागे घेतला. झाकण उघडून आत तापमापकाची तार सोडली. एकाहत्तर अंश. मग तिने भाजीवाल्याच्या बायकोकडे बघून विचारलं, “काकू, ते ओलं पोतं देता?”

जुड्या उचलून काकूने पोतं दिलं. मुलीने ते डब्यावर टाकलं आणि आम्ही सगळे निंबाखाली बसून राहिलो. तापमापकाचा आकडा उतरत गेला. साठच्या खाली आल्यावर तिने हुकूम दिला आणि कॉक टक् करून फिरला.

“बस, पोतं टाकाचं राह्यलं होतं होय,” भाजीवाला म्हणाला. “हे त आम्हीच केलं असतं.”

“काका, आता पोतं टाकून चालवून घेऊ नका,” ती म्हणाली. तेव्हा पहिल्यांदा सगळे हसले, काकू सगळ्यात मोठ्याने.

परतीच्या वाटेवर तिने मला कारण समजावलं, जरी ते मला कळलं होतं. मी ऐकून घेतलं. बॅटरी जास्त टिकावी म्हणून चिप बहुतेक वेळ झोपलेली असते. ठरावीक वेळाने जागी होते, क्षणभर कान उघडते, हुकूम आहे का ऐकते आणि पुन्हा झोपते. कधी जागं व्हायचं हे तिच्यातलं घड्याळ सांगतं. उष्णतेने घड्याळ पुढे पळतं, म्हणून किती तापमानाला किती दुरुस्ती करायची याचा एक तक्ता चिपमध्येच कोरलेला असतो. तो तक्ता साठ अंशांपर्यंत होता, कारण मुख्य कार्यालयाकडून आलेल्या कागदावर डब्याच्या आतलं कमाल तापमान साठ लिहिलेलं होतं. साठच्या पुढे चिप जुन्याच दुरुस्तीवर चालत राही. रोहण्याच्या दुपारी तिचा कान लवकर उघडे आणि हुकूम यायच्या आत मिटे. ओलीचे आकडे मात्र डबा साठवून ठेवी आणि संध्याकाळी पाठवी, म्हणून तिथे काहीच गहाळ दिसत नव्हतं.

“आणि दुपारच्या हुकमांच्या नोंदी?” मी विचारलं.

तिने मोबाइलवर शोधलं. “नाहीच आहेत. एप्रिलपासून सहापैकी कोणीच दुपारी हुकूम दिलेला नाही.” थोड्या वेळाने म्हणाली, “सहाही घरी कोणी ना कोणी चालते आहे.”

सोमवारच्या बैठकीत मी सही करणार नाही असं सांगितलं. साहेबांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. कागदावर साठ लिहिलं होतं, साठला चिप चालत होती, म्हणजे वर्ध्याने दिलेलं काम केलं होतं. डब्याला पांढरा रंग द्या, सावली करा, चिप जाऊ द्या.

“वर्ध्यात लावायचा डबा वर्ध्याच्या उन्हात चालला पाहिजे सर,” मी म्हणालो. “सावली करायला माणूस लागतो. मग यंत्र कशाला?”

“ॲडव्हान्स डूब जाएगा.”

“तीन लाख चाळीस हजार. मला माहीत आहे.”

“आणि पुढची चकती तीन महिन्यांनी आहे,” मॅडम म्हणाल्या. त्या माझ्या बाजूच्या आहेत की विरोधात, हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळत नव्हतं. “तोवर रिसिव्हर वर्ध्यात ठेवायचा की नाही, हा प्रश्न निघणार.”

“निघू द्या.”

साहेबांनी मुलीला विचारलं की रिसिव्हर तुझा आहे, तुझी सही आहेच, तुला काय वाटतं. मला वाटलं ती माझ्याकडे बघेल. तिने बघितलं नाही. कागद ओढून घेतला, स्वतःच्या सहीवर एक रेघ मारली आणि म्हणाली, “सर, मैं अपना साइन वापस लेती हूँ. तक्ता पंच्याऐंशीपर्यंत नेते, मग पुन्हा करते.” घाईत तिची हिंदी अर्ध्यातच संपली होती. पलीकडे ते कळलं असावं, कारण साहेब सरळ खर्चाच्या हिशेबावर आले.

शेवटी ठरलं ते असं. आगाऊ रक्कम बुडाली ती वर्ध्याच्या खर्चातून वळती होणार. मोजमापाचं एक नवं यंत्र आम्ही मागितलं होतं, ते रद्द. रिसिव्हर पुढच्या उन्हाळ्यापर्यंत वर्ध्यात. नवी चिप रोहण्याच्या दुपारी हुकूम ऐकते की नाही, यावर त्यानंतरचं ठरेल.

मग आम्ही कामाला लागलो. नवं यंत्र नव्हतं म्हणून जुन्याच तापपेटीत चिपा तापवल्या. पेटी पंच्याऐंशीपर्यंत जायला कुरकुर करी. तिचं दार कापडी पट्टीने बांधावं लागे. मुलगी एकेका तापमानाला घड्याळ किती पळतं ते मोजी, मी स्वतंत्रपणे पुन्हा मोजी, आणि दोघांचे आकडे जुळले तरच तक्त्यात ओळ जाई. तीन ओळी जुळल्या नाहीत. एकीत तिने माझ्या मोजण्यात चूक दाखवली, दुसरीत मी तिच्या. तिसऱ्या ओळीवर आम्ही दोन दिवस भांडलो आणि शेवटी तेवढ्या तापमानाला पेटीचा तापमापकच खोटा निघाला. मॅडमनी त्या काळात एक नियम केला: कुठल्याही अहवालात ‘चालते’ हा शब्द लिहायचा नाही. कॉक उघडला की नाही उघडला, किती वाजता, किती तापमानाला, एवढंच. चहावाल्यालाही त्याचा त्रास झाला. साखर कमी आहे, चालते का, असं त्याने विचारलं की पोरं ओरडत, “चालते नाही म्हणायचं, गोड आहे का नाही ते सांगा.”

ऑगस्टमध्ये पाठवणी झाली. या वेळी चारही सह्या एकाच दिवशी झाल्या. थंडीत चिपा छापून आल्या, डब्यांत बसल्या, सहा शेतांत गेल्या. थंडीत त्या चालणारच होत्या. त्याचा आनंद कोणी केला नाही. आम्ही उन्हाची वाट बघितली. आयुष्यात पहिल्यांदा मी मार्चमध्ये ऊन कमी आहे म्हणून चिडलो.

एप्रिल लागल्यावर मॅडमनी विचारलं की सुट्ट्या सोडून रोज दुपारी हुकूम देऊन बघायचं आणि खरं तेच कळवायचं, हे काम कोणाला द्यायचं. शेतकऱ्याला दिलं तर तो पुन्हा आपल्या सेलूच्या पोरीची काळजी करील. मी म्हणालो, रोहण्याच्या काकूंना द्या. पगारी द्या, म्हणजे भिडस्तपणाला जागा राहणार नाही. रोजचे दोनशे रुपये ठरले. सहाही शेतांत दुपारी एकेकीने थांबायचं आणि सगळ्यांची खबर काकूंनी गोळा करून फोनवर द्यायची. थांबणाऱ्या पाचजणींचे रोजचे शंभर वेगळे.

मुलगी फोन स्पीकरवर लावायची आणि आम्ही सगळे काम थांबवून ऐकायचो.

“उघडला,” काकू सांगत. “एकातला, दोनातला, चारातला, पाचातला, सहातला उघडला. तिनातला उघडला पण लई आवाज करते, म्हातारं माणूस खाकरल्यावानी. अन् तुमचा तो हिरवा दिवा उन्हात दिसत नाई, कोणी लावला तो?”

“मी लावला काकू,” मुलगी म्हणाली.

“मंग बदल. आंधळा आहे तो.”

मेच्या मधल्या आठवड्यात रोहण्याच्या डब्यात त्र्याहत्तर अंश लागले. त्या दिवशी फोन आला तेव्हा सगळे टेबलाभोवती जमले. काकू म्हणाल्या, “सहाही उघडले,” आणि लगेच हिरव्या दिव्याचं पुन्हा काढलं. मुलीने दिव्याचं लिहून घेतलं, फोन ठेवला आणि टेबलावर डोकं टेकून बसली. मॅडम तिच्या पाठीवर हात ठेवून उभ्या राहिल्या. मी खिडकीशी गेलो, कारण माझाही चेहरा ठीक नव्हता.

मे संपल्यावर साहेबांनी पडद्यावरूनच सांगितलं की पुढच्या दोन चिपांचे रिसिव्हर वर्ध्यात बनतील. त्याच दिवशी मी त्या चिपचा हिशेब पुरा केला. छपाईच्या कारखान्याला दुसऱ्या चकतीवरच्या जागेचे चौतीस लाख, आणि पहिल्या वेळचे बुडालेले तीन लाख चाळीस हजार. पाच शेतांवर थांबणाऱ्या पाचजणींना चाळीस दुपारचे प्रत्येकी चार हजार. आणि रोहण्याच्या भाजीवाल्याच्या बायकोला चाळीस दुपारचे आठ हजार रुपये, तिच्या स्वतःच्या नावावरच्या खात्यात.